वाघोबाच्या दगडावरची तीन बोटं

वडिलांची शेवटची खूण मी माझ्याच हातांनी खरवडून काढली. तीही अभ्यासाच्या नावाखाली.

साखरशेतजवळच्या आमच्या पाड्याच्या वेशीवर वाघोबाचा दगड आहे. वर सूर्य-चंद्र, खाली वाघ कोरलेला. दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, त्याला शेंदूर लावायचा मान आमच्या घराचा. वडील वाटीत तेल-शेंदूर कालवायचे आणि तीन बोटांनी वरून खाली पट्टा ओढायचे. नाचणी कापताना विळ्याने त्यांच्या मधल्या बोटाचं पेर गेलं होतं, म्हणून मधली रेघ जरा खालून सुरू व्हायची. लहानपणापासून ती इतकी पाहिली होती की दिसायची बंद झाली होती.

मी तेव्हा पुण्यात चिन्हमीमांसा शिकत होतो. धर्मातली चिन्हं काय सांगतात, हा प्रबंधाचा विषय. डोक्यात हवा गेली होती. आईने उंबऱ्यावर चिमूटभर तांदूळ ठेवले तरी मी वही काढायचो. ती म्हणायची, "आधी सरक, मला आत जाव दे."

वडील पावसाळ्यात गेले. दिवसकार्य उरकलं आणि पुढच्याच आठवड्यात मी कॅमेरा घेऊन दगडापाशी गेलो. रडण्यापेक्षा काम बरं, असा माझा हिशोब. शेंदराच्या थरांखाली वाघ नीट दिसेना. रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन मी सकाळभर दगड घासला. वाघ मिशांसकट वर आला. मी खूश!

घरी येऊन आईला मोबाइलवर फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"वाघ बेस दिसतो," ती म्हणाली. "पन तुझ्या बापाची बोटां कुठं गेली?"

रोज लाकडांना जाताना ती त्या तीन रेघांवर हात टेकवून जायची, हे मला तेव्हा कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मोबाइल परत दिला आणि चुलीकडे वळली.

प्रबंध मान्य झाला. त्यात त्या फोटोखाली मी लिहिलंय: सूर्य, चंद्र, वाघ. ते पान मी पुन्हा उघडलेलं नाही. त्या तोकड्या रेघेची इतकी आठवण येते की कधी कधी नुसत्या भिंतीवरही मी ती शोधतो.

वडील गेले त्या वर्षी वाघबारशीला शेंदूर मी लावला. मधलं बोट हळूच दुमडलं, निदान रेघ तरी तशी यावी म्हणून. आई मागेच उभी होती.

"बोट सरळ कर," ती म्हणाली. "त्याची नक्कल नको."

मी बोट सरळ केलं. तिन्ही रेघा सारख्या उमटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लाकडांना निघाली, तेव्हा मी अंगणातून पाहत होतो. दगडापाशी ती थांबली नाही.