मार्था आंटींच्या बायका

मार्था आंटी कुठल्याही बाईला भेटल्या की बोलता बोलता तिच्या पदराचा काठ बोटांत धरायच्या आणि उलटून पाहायच्या. पहिल्या भेटीत माझी ओढणी त्यांनी अशीच पाहिली. मला रागच आला होता.

ठाण्यात, बाळकुमच्या त्यांच्या बैठ्या घरात चित्रांनी भरलेली पत्र्याची ट्रंक होती. तरुणपणी एका महिला मासिकात त्या फॅशनचं पान काढायच्या: पफ बाह्या, बोटनेक, नव्या तऱ्हेने नेसलेल्या साड्या. संपादकांना हवी फॅशन. आंटी मात्र त्यात आपलं काहीतरी घुसवायच्या. मनगटावर घड्याळ असेल तर ती बाई कमावती. हातात मिटलेली छत्री असेल तर एकटी बाहेर पडणारी. "बाय, साडी कुणीपण बघतो. नेसणारी कोण, ते मी सांगते," म्हणायच्या.

घर पाडून टॉवर होणार होता. आपली चित्रं एकदा तरी पुस्तकात यावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. मी वर्तकनगरची, धंद्याने डिझायनर. हौसेने काम अंगावर घेतलं. कागदांना वाळवी लागली होती. स्कॅन झाल्यावर मी विचारलं, टाकून देऊ का? तुझ्याकडे आहेत ना आता, मग झालं, म्हणाल्या. दिले टाकून.

मग महिनाभर राबून मी चित्रं साफ केली. डाग, वाळवीची भोकं, पदरावरचे शाईचे बारीक फराटे, सगळं पुसलं. तेही मूळ स्कॅनवरच, वेगळी प्रत न ठेवता. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

पुस्तक हातात आल्यावर आंटी कितीतरी वेळ एकेका पदरावर अंगठा फिरवत राहिल्या. काय शोधताय, मी विचारलं. तेव्हा कळलं. प्रत्येक बाईच्या पदरावर त्यांनी रफूची एक छोटी खूण काढलेली होती. मासिक वाचणारीकडे कुठली आलीय रोज नवी साडी? चित्रातली बाई आपल्यातलीच आहे, हे तिला कळावं म्हणून. पेन पुढे करून म्हटलं, पुन्हा काढा. पण वयामुळे त्यांची रेघ वाकडी जात होती. दोन रेघांवर थांबल्या.

माझ्यावर रागावल्या नाहीत. रागवायला हवं होतं. पुस्तक मिटून एवढंच म्हणाल्या, "छान झालंय, बाय. सगळ्या श्रीमंत दिसतात आता. माझ्या ओळखीची एकही उरली नाही."

त्यानंतर महिन्याभरातच त्या गेल्या. दफनानंतर चर्चच्या आवारात लोक पुस्तक चाळून मला शाबासकी देत होते. आणि मी ती घेतली.