जिन्याचं वरचं बटण

क्रांती शिंगे मूळची गारगोटीची. आयटीआयला वायरमनच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पुढं परवाना काढून वीस वर्षं तिनं कोल्हापुरात घरोघरचं वायरिंग केलं. आमच्या तीन मजली इमारतीचं कामही तिच्याकडंच होतं. बिल्डर उदयसिंह यांनी दारात संगमरवर बसवला, वर झुंबर टांगलं. पण जिन्याच्या दिव्यांना बटण एकच, तेही तळमजल्यावर. जिना चारी बाजूंनी बंद. भर दुपारीसुद्धा पायरी दिसायची नाही.

मी फ्लॅट बघायला गेलो होतो, तेव्हा दोघांची जुंपलेली माझ्या कानांवर पडली.

"साहेब, जिन्याचा दिवा खालनं बी लागाय पायजे आणि वरनं बी. प्रत्येक मजल्यावर बटण पायजे. आमाला पयल्यांदा हेच शिकवत्यात."

"अवो बाई, लोकं खालनंच येत्यात की!"

"आणि उतरताना? अंधारातनं खाली यायचं आणि मग दिवा लावायचा व्हय?"

उदयसिंह हसले. "भिंतीला पुट्टी झालीया. आता फोडाफोड न्हाय. वायरिंगच्या रिपोर्टवर सही करा."

"असल्या कामावर माझी सही न्हाय," म्हणून ती पिशवी उचलून निघून गेली. दोन दिवसांत दुसऱ्या कुणीतरी सही दिली. मी मात्र झुंबरावर भुलून फ्लॅट घेतला.

तीन वर्षांत त्या अंधाराचा उपयोग आम्ही थुंकायला केला. शिकलेली, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं. पण कोण थुंकलं ते दिसत नाही म्हटल्यावर जिन्याचे कोपरे लालभडक झाले. वास तर असा, की चढताना श्वास धरावा लागे.

एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बयाबाई दूध आणायला निघाल्या आणि अंधारात पायरी चुकून पडल्या. आम्ही धावलो. लुगडं लाल झालेलं बघून मला वाटलं, रक्तच. उचलताना हाताला लागलं तेव्हा कळलं, ती थुंकी होती. आमचीच. खुब्याचं हाड मोडलं होतं.

संध्याकाळी सोसायटीच्या बैठकीत आमचे अध्यक्ष म्हणाले, "म्हातारीनं मोबाईलची बॅटरी लावायची की." दोघंतिघं हसले. उदयसिंह दवाखान्यात फळं घेऊन गेले आणि बयाबाईंच्या खाटेशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला.

बयाबाईंची सून अंजना हिनं मात्र क्रांतीला शोधून आणलं. क्रांती नाकाला ओढणी लावून जिना चढली.

"शी! माणसं ऱ्हात्यात का हितं?" ती एवढंच बोलली. मग तिनं विद्युत निरीक्षकांच्या नावानं तक्रार लिहिली आणि दारोदार सह्या मागितल्या. अंजनाची आणि माझी, अशा दोनच मिळाल्या. बाकीच्यांना उदयसिंहांशी वाईटपणा नको होता.

दोन सह्यांवरही तपासणी झाली, काम सुधारण्याची नोटीस आली. उदयसिंहांचा सूर एकदम मऊ झाला. "क्रांतीताई, तुमीच करा आता."

"करतो. पर पयलं कोपरं धुवा. थुंकीत हात घालून मी काम करणार न्हाय."

"माणूस लावतो."

"माणूस कशाला? ज्यांनी थुकलंय त्यांनी धुवायचं."

अध्यक्ष तावातावानं घरात गेले. त्यांचीच बायको त्यांना बादली देऊन बाहेर घेऊन आली. मी दुसऱ्या मजल्याचा कोपरा घासला. पाणी काळपट लाल वाहत होतं. क्रांती पायरीवर बसून शेवटपर्यंत बघत राहिली. मग भिंत फोडून तिनं प्रत्येक मजल्यावर बटण बसवलं, चार वेळा चढून-उतरून तपासलं आणि चहासुद्धा न घेता गेली.

बयाबाईंचं हाड आता जुळलंय. काठी घेऊन त्या घरात फिरतात. अंजना जिन्याचा दिवा लावून हात पुढं करते, "चला की आत्ती." बयाबाई उंबऱ्यापर्यंत येतात, खाली धुतलेल्या कोपऱ्यांकडं बघतात, तरीही नाकाला पदर लावतात आणि परत फिरतात.