ऑगस्टात जन्मलेली वासरं

लाऊरिंदो मोरायस जन्मभर थोरल्या बहिणीच्या, झेनोबियाच्या घरात राहिला. तसं घर बापाचं, रानही बापाचं. पण मरताना म्हाताऱ्याने दोन्ही झेनोबियाच्या हवाली केलं आणि वर लाऊरिंदोलाही केलं. "हा मऊ आहे, सांभाळ याला," म्हणाला. झेनोबियाने सांभाळलं. जेवू घातलं, बसायला घोडा दिला, आणि चारचौघांत त्याचं नाक कापायची एकही संधी सोडली नाही.

ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, दों पेद्रितो गावाच्याही खाली, उरुग्वेच्या हद्दीला टेकलेलं ते माळरान. बापाच्या काळी तिथे लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची हेरफर्ड गुरं चरायची. थंडीत ती धोंड्यासारखी उभी राहत, पण उन्हाळा लागला की गोचिडांपुढे त्यांचं काही चालत नसे. गोचीड-ताप चढायचा, लघवी लाल व्हायची, आणि काल रवंथ करत बसलेली गाय आज चारी पाय ताणून आडवी. एका उन्हाळ्यात निम्मा कळप असाच गेला. त्याच वर्षी झेनोबियाने उत्तरेकडून ब्राह्मन वळू आणला. राखाडी अंग, डोक्याच्या वर गेलेलं वशिंड, गुडघ्याशी लोंबणारी गळ्याची पोळी. शेजारचे लोक कुंपणाला रेलून हसले.

"दोना झेनोबिया, उंट कुठून आणलात?"

"हसून घ्या," ती म्हणाली. "उन्हाळ्यात गायी पुरायला माणसं कमी पडली तर माझ्याकडे येऊ नका."

संकराची वासरं झाली आणि गोचिडांचा प्रश्न मिटला. पण ऑगस्ट राहिला. पृथ्वीच्या त्या अंगाला ऑगस्ट म्हणजे हिवाळ्याचं शेपूट, आणि त्या रानात थंडी जाता जात नाही. दक्षिणेकडून मिनुआनो वारा सुटतो, त्यात पाऊस मिसळतो, आणि गवताचं पातं न् पातं काचेसारखं होतं. वशिंडाच्या रक्ताचं वासरू आईच्या पोटातून बाहेर पडतं आणि लांब कान टाकून नुसतं बसून राहतं. आई चाटते, ढुशी देते, हंबरते. त्याला सड सापडत नाही. सापडला तरी ते ओढत नाही. संध्याकाळपर्यंत ताठ.

बाकीच्यांनी विण्याचा हंगाम ऑक्टोबरावर ढकलला. झेनोबियाने ढकलला नाही. उलट गड्यांना अंगणात उभं करून तिने सांगितलं, "गायी ऑगस्टातच व्यायल्या पाहिजेत. आणि वासराला कुणी हात लावायचा नाही. उठेल ते माझं. उठणार नाही त्याचं कातडं काढा."

"अगं, शेकोटीशी घेतलं, बाटलीने चीक पाजला, तर वाचतं ते," लाऊरिंदो म्हणाला.

"वाचतं. मग मोठं होतं, आणि स्वतःसारखीच मरतुकडी पैदा करतं. घरात एक तुझ्यासारखा आहे तेवढा पुरे. कळपात नको."

गडी हसले. कातडी काढायचं काम तिने त्याच्याकडेच दिलं.

खरं सांगायचं तर तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वर्षं गेली तशी तिची गुरं अशी निघाली की हद्दीपलीकडून लोक बघायला येऊ लागले. लाल अंग, पांढरं तोंड, वशिंड नावापुरतं. हिवाळ्यात दाट केस चढायचे, उन्हाळ्यात झडून अंग तुळतुळीत. प्रदर्शनात झेनोबियाच्या वळूंना बक्षिसाची फीत मिळाली की ती त्यांच्या पाठीवर थाप मारायची. माणसाच्या पाठीवर तिने थाप मारलेली कुणी पाहिली नव्हती.

नव्या वासराचं कातडं पायातून ओला मोजा काढावा तसं निघतं. लाऊरिंदोला ते सरावाचं झालं होतं. पण एका सकाळी त्याने सुरी टेकवली आणि वासराने श्वास सोडला. पुसट, ऊबदार श्वास, त्याच्या मनगटावर. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वासरू अंगावर पांघरलेल्या पोंचोखाली घेतलं आणि ओढ्याकाठच्या पडीक खोपटात नेलं. तिथे विस्तव केला, गोणपाटाने ते चोळलं, बोटाला चीक लावून त्याच्या तोंडात दिला. दुपारी ते उभं राहिलं. अंधारायच्या आत त्याने ते परत आईपाशी सोडलं.

मग त्या ऑगस्टात तो हेच करत राहिला. झेनोबिया एका शब्दाने बोलली नाही. त्याला वाटलं, तिला कळलंच नाही.

वासरं आयांपासून तोडायचा दिवस आला. सगळी कोंडवाड्यात घातली. कान कापून खुणा आदल्या आठवड्यातच झाल्या होत्या. झेनोबिया फळकुटावर चढून बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "लाऊरिंदो, आत जा. मधे जाऊन उभा राहा."

"कशाला?"

"जा तर."

तो गेला. रानातली वासरं माणसाला बुजतात. ती सगळी पलीकडच्या कोपऱ्यात दाटली. मात्र काही मागे वळली आणि हळूहळू त्याच्याकडे आली. एकाने त्याची बाही चोखायला घेतली, दुसऱ्याने त्याच्या मांडीला डोकं घासलं. त्याने गुडघ्याने त्यांना ढकलून पाहिलं. ती पुन्हा आली.

"ही तुझी," झेनोबिया म्हणाली. "खाटकाचा ट्रक दारात उभा आहे. चढव."

"झेनोबिया, माझ्यासाठी..."

"दोरी देऊ का? तुझ्यामागे तशीही येतील ती."

तो फळीवरून ट्रकात चढला आणि ती त्याच्यामागे एकेक करत चढली. गड्यांपैकी कुणीही हसलं नाही. त्यालाच पुढून उडी मारून उतरावं लागलं, आणि ट्रकाचं दार लागलं तेव्हा ती त्याच्या दिशेने तोंडं करून हंबरत होती.

त्याने वाचवलेली एक कालवड तेवढी त्या दिवशी कोंडवाड्यात नव्हती. आधीच्या आठवड्यात कानाची खूण होताना तिचा पाय मुरगळला होता, म्हणून लाऊरिंदोने ती ओढ्यापलीकडे ओंदिनाकडे ठेवली होती. ओंदिना विधवा होती, बेलफळासारख्या कडक फळांच्या वड्या थापून बाजारात विकायची. रविवारी लाऊरिंदो तिच्याकडे माते, म्हणजे कडू पाल्याचा गरम काढा, प्यायला जाई. काढ्याचा पोकळ भोपळा, त्यातल्या एकाच नळीसकट, दोघांत फिरत राही.

"सेउ लाऊरिंदो, तुम्ही माझ्याकडे येता की कालवडीकडे?" ती विचारायची.

"कालवडीकडे."

"मग मातेही तिलाच मागा."

दोघं लग्न करणार असं गावात बोललं जायचं. कालवडीचं नाव ओंदिनाने मिमोझा ठेवलं. ती तिच्या हातातून पाव खायची. झेनोबियाला हे ठाऊक होतं. एकदा ती वाटेत घोडा थांबवून ओंदिनाला म्हणालीही, "व्यायला लागली की तिच्याजवळ जाऊ नकोस. त्या रक्ताची गाय तेव्हा कुणाची नसते." ओंदिनाला वाटलं, ही जळते.

मिमोझा पहिल्यांदा व्याली ती ऑगस्टातच, तिरक्या पावसात. सकाळी लाऊरिंदो आला तेव्हा चूल विझलेली होती. कुंपणाशी चिखलात ओंदिना पडली होती, एक पाय भलतीकडे वळलेला, हाताशी घोंगडी. वासरू कान टाकून मेलेलं. त्या दोघांच्या मधे मिमोझा उभी, आणि तो जवळ जाऊ लागला की मान खाली घालून फुत्कारायची. त्याला ती फासा टाकून खांबाला आवळावी लागली. मगच तो ओंदिनाला उचलू शकला.

"तिला मारू नका," गाडीत ती म्हणाली. दात वाजत होते. "तिला वाटलं, मी तिचं वासरू नेतेय."

"बोलू नका."

"तुमच्या बहिणीने बजावलं होतं मला."

खुब्याचं हाड मोडलं होतं, पण ती गेली पावसात पडून छाती भरल्याने. तो आठवडाही तिने काढला नाही.

मातीला झेनोबिया आली. काळी शाल, चिखलाचे बूट. ओंदिनाचा मुलगा शहरातून आला होता. त्याला घर विकून लवकर परतायचं होतं. झेनोबिया त्याला म्हणाली, "गाईच्या कानावर खूण माझी आहे. गाय मी नेते." त्याने खांदे उडवले.

मिमोझा अंगणात आणली आणि झेनोबियाने सुरी लाऊरिंदोच्या हातात दिली. त्याने पाय बांधले, गुडघा मानेवर रोवला, आणि जे करायचं ते एका झटक्यात केलं. दुपारी गड्यांनी निखाऱ्यांवर बरगड्या लावल्या. झेनोबियाने सगळ्यात चांगला तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला.

"खा. पुढच्या वेळी लक्षात राहील."

त्याने खाल्लं. मग मीठ मागितलं.

त्यानंतर ओढ्याकाठचं खोपटं त्यानेच पाडलं. पुढल्या ऑगस्टापासून तो बहिणीच्याही पुढे गेला. वासरू मेलं की तो आईलाही खाटकाकडे काढायचा. वासरू उठलं, पण अडखळत उठलं, तरी तेही. "दोना झेनोबियाला निदान राग तरी यायचा," गडी आपसात म्हणत. "याला काहीच होत नाही." रविवारी तो घरातच बसू लागला.

झेनोबिया थकली. गुडघे गेले, दिवसभर चुलीपाशी खिडकीला तोंड करून बसायची. एका ऑगस्टात तिच्या जुन्या फीतवाल्या वळूची शेवटची लेक, म्हातारी गाय, खिडकीसमोरच व्याली. कालवड झाली. पण वासरू उठेना, बसून राहिलं.

"लाऊरिंदो, तिला आत घे."

तो भोपळ्यात पाणी ओतत होता.

"ऐकतोस ना? त्या वळूचं एवढंच उरलंय माझ्याकडे. चुलीशी आण, मी पाजते चीक."

"कान पडलेत तिचे," तो म्हणाला.

"अरे, मी मागतेय!"

"दिसतंय मला."

तिने खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी साथ दिली नाही. ती परत धपकन बसली आणि ओठ आवळून रडू लागली. बापाच्या मरणातही ती रडली नव्हती. लाऊरिंदोने माते तिच्या हातात दिलं. हात गारठले होते, म्हणून तिने तो ऊबदार भोपळा धरून ठेवला आणि नळीला ओठ लावले. बाहेर म्हातारी गाय वासराभोवती फिरत होती, मधेच थांबून हंबरत होती.

पाऊस ओसरल्यावर तो उठला, पोंचो चढवला आणि सुरीला धार लावायला पडवीत गेला.