अडीच इंचांची काडतुसं

आबांच्या हातून चूक झाली, त्याच्या चार महिने आधीपासून मला ठाऊक होतं की ती होऊ शकते. ही गोष्ट मी आजवर एकाच माणसाला सांगितली आहे.

आबा, म्हणजे माझे वडील, सुरतेत एका बंदुकांच्या दुकानात मिस्त्री होते. खानदेशातून आले ते लूमवर काम करायला. तिथल्या वर्कशॉपात लेथवर हात चांगला बसला म्हणून दुकानाच्या शेठनं त्यांना दुरुस्तीसाठी ठेवून घेतलं, आणि त्यांचं सगळं आयुष्य तिथंच गेलं. गिऱ्हाईक म्हणजे बँकांचे आणि मिलांचे गार्ड, आणि थोडे ऊसवाले शेतकरी. बंदुका बहुतेक बारा बोरच्या, दुनळी, बापाकडून मुलाकडे आलेल्या.

काडतूस काडतुसासारखं दिसतं, पण प्रत्येक बंदुकीला ते मानवत नाही. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. चोक जास्त असला की छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात, कमी असला की लवकर पसरतात. एकाच बंदुकीच्या दोन नळ्यांचा चोकही वेगळा असतो. आबा गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, "तुम्ही उभे कुठं राहता? गेटवर की शेतात?" मग रेंजवर नेऊन साडीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा उभा करायचे आणि दोन्ही नळ्यांतून वेगवेगळ्या नंबरचे, म्हणजे लहानमोठे, छर्रे मारून बघायचे. पुठ्ठे घरी आणायचे. डिंडोलीच्या आमच्या खोलीत जमिनीवर बसून मी भोकं मोजायची आणि ते ऐकत राहायचे. "उजवीला सहा नंबर द्यायचा, डावीला चार," असं ठरवलं की ती बंदूक त्यांच्या डोक्यात कायमची बसायची.

सगळ्यात जपून ते एकाच बंदुकीला काडतुसं द्यायचे. पलसाण्याच्या एका रंगाईच्या मिलवर गार्ड असलेले काका आबांच्याच गावचे होते. लूमच्या दिवसांत दोघं एका खोलीत राहिलेले. काकांची दुनळी त्यांच्या वडिलांची, फार जुनी. काडतूस बसतं ती नळीतली जागा आबांच्या बोलण्यात 'घर' असायची. काकांच्या बंदुकीचं घर अडीच इंचांचं होतं. आता सगळीकडे पावणेतीन इंचांची काडतुसं मिळतात. ती त्या घरात बसतात, कुठं अडत नाहीत. पण उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडतं, त्याला पुढे जागा लागते. जागा मिळाली नाही की सगळा जोर मागे नळीवर येतो. म्हणून काकांसाठी अडीच इंचांची काडतुसं आबा मागवून घ्यायचे आणि वेगळ्या कप्प्यात ठेवायचे.

मी तेव्हा महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवू लागले होते. रविवारी दुकानात जेवणाचा डबा घेऊन जायची. एका रविवारी आबा काकांचा कप्पा लावत होते. त्यात त्यांनी ठेवलेल्या पाच डब्यांपैकी दोन पावणेतीनचे होते. मी ते बाहेर काढून त्यांच्यासमोर धरले. त्यांनी डबा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग खाली बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासून. डाव्या डोळ्यानं तर नुसतं धुकं."

"शेठना सांगा. ऑपरेशन करून घ्या."

"दिवाळीनंतर करतो. आत्ता सांगितलं तर शेठ काम काढून घेऊन मला बाकावर बसवतील. पोरी, तू कोनले सांगू नको."

ते असं कधी विनवत नसत. मी हो म्हणाले. कप्प्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि दर रविवारी सगळे डबे वाचून बघू लागले. मला वाटलं, एवढ्यानं भागेल. दिवाळी झाली, तरी आबा ऑपरेशन पुढेच ढकलत राहिले.

काका आले ते बुधवारी. मिलच्या गार्डांची रेंजवर चाचणी होती. त्या आठवड्यात माल आला होता आणि आबांनी तो एकट्यानं लावला होता.

दुसऱ्याच गोळीला उजवी नळी मागच्या बाजूनं फाटली. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तिसरं राहिलं ते वाकडं. शेठचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. आबांना घेऊन दवाखान्यात पोहोचले, तोवर पोलीस जबाब घेऊन गेले होते. काकांनी लिहून दिलं होतं की दुकानातून बरोबर काडतुसं मिळाली होती, रेंजवर आपणच दुसऱ्याच्या पिशवीतला डबा चुकून उचलला.

आबा खाटेपाशी उभे राहिले.

"भाऊ, डबा मीच दिला," ते म्हणाले.

"माले माहीत शे," काका म्हणाले. "बस. माझी बोटं तर गेलीच. तुझं नाव घेऊन ती परत येणार आहेत का?"

आबा दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, शेठना सगळं सांगितलं, हत्यारांची पेटी तिथंच ठेवून परत आले. शेठ घरी येऊन म्हणाले, "मिस्त्री, आँख बनवा लो, फिर आ जाओ." डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं, वर्तमानपत्रही वाचू लागले. पण दुकानात गेले नाहीत. घरात बंदुकीचा विषय निघाला तर उठून बाहेर जायचे. साठवलेले पुठ्ठे त्यांनी एका सकाळी रद्दीवाल्याला दिले.

काकांची गार्डची नोकरी गेली. कोसाडच्या एका वसाहतीत गेटवर वही घेऊन बसायचं काम मिळालं. ते महिन्यातून एकदा आमच्याकडे यायचे, आबांशेजारी बसायचे, गावाकडच्या गप्पा मारायचे. त्यांच्या डाव्या हाताकडे आबा कधीच बघत नसत.

दोन वर्षांनी आबा हृदयविकारानं गेले. दहाव्याला पाहुणे पांगल्यावर काका अंगणात खुर्चीवर एकटे बसले होते. म्हणाले, "तुझ्या आबांना एकच खंत होती. म्हणायचे, मला कुणीतरी वेळेवर थांबवायला हवं होतं."

ते माझ्यावर रोख ठेवून बोलत नव्हते. त्यांना काही माहीतच नव्हतं. पण मला ते पेलवलं नाही. मी त्यांना रविवारचं सगळं सांगितलं. ते दोन डबे, आबांचं विनवणं, मी चिकटवलेल्या चिठ्ठ्या.

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तुले माहीत व्हतं?"

"हो, काका."

"आणि तू मला एक फोन नाही केला."

त्यांनी आवाज चढवला नाही. उठले, माठातलं पाणी प्यायले, आईला 'येतो' म्हणाले आणि रिक्षा बघायला निघून गेले. मी फाटकापर्यंत मागे गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. मी दोनदा कोसाडला गेले. पहिल्या वेळी त्यांनी चहा मागवला आणि वहीत डोकं घालून बसले. दुसऱ्या वेळी ते गेटवर नव्हते, निदान मला तसं सांगण्यात आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मात्र त्यांचा आईला फोन येतो. दोघं गावाकडच्या माणसांची विचारपूस करतात. आई मधूनच म्हणते, "पोरगी इथंच बसली आहे, देऊ का?" मग पलीकडचं ऐकून 'बरं' म्हणते, आणि फोन ठेवून देते.