येरमाळ्याच्या टेकडीवरची पांढरी पाल

काचेच्या पेटीतली पाल कात टाकत होती आणि शिवलिंगप्पा पेटीवर वाकून बघत होता. पांढऱ्या कातीखालून करडी पाल बाहेर येत होती. अगदी येडशीजवळच्या रामलिंगच्या टेकडीवरल्या पालीसारखी.

निजामी अमलातली शेवटची वर्षं. हैदराबादच्या कॉलेजात आम्ही दोघं डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांना प्राण्यांची चिरफाड करून दाखवणारे. पाली गोळा करायचा कॅम्प येडशीला होता. आमचे विभागप्रमुख, हेडसाहेब, संध्याकाळच्या गाडीनं येणार होते. येरमाळ्याची पांढरी पाल नवी जात म्हणून मान्य झाली तर शिवलिंगप्पाची नोकरी पक्की. नाहीतर टर्म संपताच परत गावी, येरमाळ्याला.

त्याचं म्हणणं असं, की बेट समुद्रातच असतं असं नाही. खडकातल्या पालीला काळ्या रानाची सपाट माती ओलांडता येत नाही. मग प्रत्येक टेकडी तिचं बेटच. एकाच कुळातल्या पाली अशा अलग पडल्या, की पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या जागेप्रमाणे बदलत जातात. रामलिंगची करडी, येरमाळ्याची पांढरी.

"चुना," तो हळूच म्हणाला.

येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत भाविक चुन्याचे खडे वेचतात. त्याच चुन्यानं देऊळ पांढरं होतं. या पाली आम्ही यात्रेनंतर देवळाच्याच सुट्या दगडांच्या, नुकताच चुना दिलेल्या कठड्यातून धरल्या होत्या.

"लहानपणापासून वेचतोय म्या. ध्यानात कसं आलं न्हाय?"

"रोजचं म्हणून. रिपोर्ट थोडे दिवस थांबव."

"थांबून पाल पांढरी व्हईल व्हय?"

संध्याकाळी साहेबांनी पेटीत डोकावून पाहिलं. "अहो, तुमच्या नव्या जातीनं कपडे बदलले की!"

"व्हय साहेब. रंग खोटा निघाला. पण बोटं बघा."

पालीच्या बोटांखाली पट्ट्या असतात; त्यांच्या जोरावर ती खडकाला धरते. रामलिंगच्या उभ्या कातळावरच्या पालींच्या पट्ट्या रुंद होत्या. येरमाळ्याच्या सुट्या दगडांतल्या पालींच्या अरुंद.

"फरक फार लहान आहे, शिवलिंगप्पा."

"बेटंबी लहानच हायेत, साहेब."

साहेब बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग भिंग खिशात ठेवलं. "एवढ्यावर नवी जात होत नाही."

नोकरी गेली. शिवलिंगप्पा येरमाळ्याला मास्तर झाला.

गेल्या महिन्यात त्याच्या मातीला गेलो होतो. निघताना वहिनींनी विचारलं, "भावजी, या पालींच्या बरण्यांचं काय करू?" मी त्या घेऊन आलो. एकेक टेकडी, एकेक बरणी. टेकडी बदलली की बोटांखालच्या पट्ट्या बदलतात, थोड्याशाच, पण बदलतात. बरण्यांवर त्यानं टेकड्यांची नावं लिहिली होती. जातीची जागा कोरी होती.

पहिल्या तासाला मी मुलांना सांगतो: रंग लिहिण्याआधी प्राणी धुऊन घ्या. मग बोटं बघा.