उपरण्याखालचा हात

मलकापुरात दवाखाना थाटला तेव्हा माझ्याकडे नागपूरची ताजी पदवी होती. समोरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जुन्या काळचा नुसता परवाना. तरी गर्दी त्यांच्या ओट्यावर आणि माझ्या बाकड्यावर माश्या. माझा जळफळाट व्हायचा, तो मी लपवतही नसे. बायको म्हणायची, पोटात दुखत असेल तर ओवा खा.

धाड गावाहून माहेरी आलेली एक बाई बेशुद्ध पडली, उजवं अंग लुळं. आधी माझ्याकडे आणली. मी लकवा सांगून मोकळा झालो. म्हाताऱ्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि बाई उठून बसली. मधुमेहाची सुई घेऊन ती दिवसभर उपाशी राहिली होती. गावभर त्यांचं नाव झालं. मी म्हणत राहिलो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

मग कापसाचा एक दलाल आला. लिलाव उघड बोलीने करा असा नियम झाला होता, पण जुनी माणसं अजून उपरण्याखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. तोंडाने चकार शब्द नाही. या गृहस्थाने आठवड्यात तीन सौदे चुकवले होते. समोरच्याने बोटांनी सांगितला एक भाव, याने शेतकऱ्याला सांगितला भलताच. कोणी म्हणे पितो, कोणी म्हणे पैसे खातो. येत्या बाजारापासून त्याच्याशी हात मिळवायचा नाही, असं व्यापाऱ्यांचं ठरत आलं होतं. जन्माची पत जाणार होती.

मी हातोडीने ठोकून पाहिलं. मूठ घट्ट, चाल सरळ, बोलणं स्वच्छ. रक्तदाब तेवढा चढलेला. लकवा नाही, काळजीने झालंय, असं मी सांगून टाकलं. जाताना त्याने चष्म्यासाठी खिशात हात घातला, किल्ली बाहेर काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. हे मी पाहिलं आणि सोडून दिलं.

तो थेट म्हाताऱ्यांकडे गेला. पेपर मागायच्या निमित्ताने मीही मागोमाग गेलो. त्यांनी त्याचा उजवा हात उपरण्याखाली घेतला आणि त्यात एकेक वस्तू ठेवली. सुपारी, किल्ली, मूठभर सरकी. एकही ओळखता आली नाही. डाव्या हाताने सगळ्या पटापट ओळखल्या.

"ताकद हाये, पण हाताले कळून नाही राह्यलं," ते मला म्हणाले. "हा बी लकवाच हाये, डॉक्टरसाहेब. मेंदूतला."

हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहूनही आलो होतो.

त्यांनी रक्तदाब उतरवायला सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, रोज डोळे मिटून वस्तू चाचपायला सांगितल्या. बाजाराच्या दिवशी ते स्वतः व्यापाऱ्यांकडे गेले. हा माणूस आजारी आहे, चोर नाही, याला डाव्या हाताने सौदा करू द्या, म्हणाले. डावा हात पुढे करणं अपमानाचं, म्हणून बरीच कुरकुर झाली. मी कोपऱ्यात उभा होतो आणि खरं सांगतो, सौदा फसू दे म्हणून देवाला विनवत होतो. म्हाताऱ्यांचं नाक कापलं जावं, एवढंच मला हवं होतं. त्या दलालाच्या घरादाराचा विचारही मनात आला नाही. सौदा बरोबर झाला.

आठवड्याने दलाल माझ्या दवाखान्यात आला आणि पाया पडायला वाकला.

"मोठ्या डॉक्टरनं सांगतलं मले," तो म्हणाला, "का पयली शंका तुमालेच आली होती. तुमीच त्यायले पाह्याले लावलं."

बाकड्यावर चार माणसं बसली होती, ती ऐकत होती. एका शब्दाचं काम होतं. मी "हो" म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे गर्दी होऊ लागली. म्हाताऱ्यांची गाठ पडू नये म्हणून मी मागच्या गल्लीने येऊ-जाऊ लागलो. त्यांच्या हुशारीचा हेवा पुढे कमी झाला, पण त्यांच्या या मोठेपणाचा अजून कमी झालेला नाही.