कौलांवरून आलेला प्रश्न

स्वातंत्र्याला वर्ष होत आलं होतं आणि ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मी केडगावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होतो. देश आता माझ्याच भरवशावर चाललाय, असा माझा समज होता. कुणाला किती कळतं याचं संशोधनही मी चालवलं होतं. रोज पाच प्रश्न विचारायचे आणि प्रत्येकाचं उत्तर वहीत टिपायचं.

त्या आठवड्यात एक म्हातारा मुसलमान कारागीर शाळेची कौलं चाळत होता. प्रत्येक कौल तो कानाशी धरून बोटाने वाजवायचा आणि आवाज पटला तरच बसवायचा.

"नव्या देशात सगळे समान," मी फळ्यावर लिहीत म्हणालो.

वरून आवाज आला, "मास्तर, त्या भाईरच्या दोन पोरी बी?"

गावकुसाबाहेरच्या त्या दोघी व्हरांड्यात बसत. मी म्हणालो, "त्यांना तिथून ऐकू येतं."

"मला बी हितून येतंय की. म्हनून मी काय तुमच्या वर्गात हाय व्हय?"

माझ्या संशोधनाच्या वहीत त्या मुलींची नावंच नव्हती. हेडमास्तर आसपास नाहीत याची आधी खात्री करून, मोठ्या शौर्याने मी त्यांना आत बोलावलं. थोरलीला विचारलं, "नागरिक म्हणजे कोण?"

तिने न अडखळता सगळं सांगितलं. इतकं नीट उत्तर वर्गात कुणी दिलं नव्हतं.

"मग इतके दिवस हात का वर केला नाहीस?"

"रोज करत हुते गुर्जी," ती म्हणाली. "तुमी भाईर बघितलंच न्हाई."